काट्यावरची बोट

वहीच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं आकडा लिहिलाय: २,७१२. खाली दोन रेघा मारल्यात, त्याही इतक्या रागानं की कागद जरा फाटलाय. तळ्यावरच्या शर्यतीहून घरी आल्या आल्या माझी रिमोटवर चालणारी छोटी टनेल बोट होती तशी, बॅटरीसकट, काट्यावर ठेवली होती. पावणेतीन किलोला जेमतेम कमी! त्या दिवशी माझ्याबरोबर पाण्यात उतरलेल्या चार बोटींपैकी एकही अडीच किलोच्या वर नव्हती. मी पाचांत पाचवी आले होते.

ज्यांनी ही जात पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टनेल बोटीला दोन बाजूंना दोन लांबट पाय असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणायचं. मधे बोगदा. वेग आला की समोरून बोगद्यात हवा शिरते, वरचा डेक आणि खालचं पाणी यांच्यामध्ये कोंडते आणि बोटीला उचलून धरते. पूर्ण वेगात असताना दोन्ही स्पॉन्सनच्या मागच्या टोकांचा बोटभर भाग आणि अर्धामुर्धा प्रॉप (मोटरनं फिरणारा पंखा), एवढंच पाण्याला लागलेलं असतं. मोटर मागे, ट्रान्समला म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीला टांगलेली. म्हणजे अर्धी बोट आणि अर्धं विमान, आणि दोन्हीकडचे दुर्गुण अंगात.

माझी बोट ७६ सेंटिमीटर लांब, ३४ रुंद, प्लायवूडची, नकाशावरून स्वतः कापून केलेली. चार सेलची लिपो बॅटरी, ब्रशलेस मोटर, ४२ मिलिमीटरचा ऑक्टुरा एक्स ४४२ प्रॉप. आमच्या गटात मोटर आणि बॅटरी यांना मर्यादा, वजनाला नाही. म्हणजे वजन हीच एक गोष्ट माझ्या हातात होती, आणि मी नेमकी तिच्याकडेच पाठ फिरवून बसले होते. बोट पाण्यावर उठायलाच सरळ पट्ट्याचा निम्मा भाग संपायचा. वळणात आतला स्पॉन्सन पाण्यात रुतायचा आणि वेग बसायचा. सहा फेऱ्या आणि मागचंपुढचं धरून बॅटरीतून ३,९०० मिलिअँपिअर-तास जायचे. ५,००० च्या पॅकमधून ऐंशी टक्क्यांच्या वर काढायचं नाही हा नियम मी पाळते, म्हणजे सीमेवरच होते. मोटर इतकी तापायची की हात ठेवून पाच मोजणं अवघड.

मी मोठा प्रॉप लावायच्या विचारात होते. बरं झालं, लावला नाही. जड बोटीला मोठा प्रॉप म्हणजे दमलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक पोतं.

पहिलं काम केलं ते म्हणजे बोट पार नागडी केली. एकेक वस्तू काट्यावर. मोटर आणि खालचा ड्राइव्ह मिळून ५२० ग्रॅम. बॅटरी ४९०. स्पीड कंट्रोलर १३०. सर्व्हो, रिसीव्हर आणि दांडे ११०. उरलेलं, म्हणजे मोटरवरची टोपी, पाण्याच्या नळ्या, टर्न फिन (वळणात पाण्याला धरून ठेवणारं पातं), वायरी, स्क्रू, २४०. बेरीज १,४९०. आणि रिकामी हल, म्हणजे बोटीचा नुसता सांगाडा, १,२२२! सगळी यंत्रं एका पारड्यात घातली तरी त्यांच्या बरोबरीला येऊ पाहणारं नुसतं लाकूड आणि गोंद.

लाकडाचा दोष नव्हता. बर्च प्लायचं गणित सरळ आहे: ३ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा साधारण दोन किलो, दीड मिलिमीटरचा एक किलो. मी भीतीपोटी तळाला, बाजूला, सगळीकडे ३ चं वापरलं होतं. वर इपॉक्सी राळ. प्रत्येक कोपऱ्यात बोटानं असं फासलेलं की जणू भिंतीला लांबी भरतेय. मग रंगाचे तीन हात, वर लॅकर. रंग छान होता, ते मात्र कबूल करायला हवं.

दुसरी हल करायला सात आठवडे गेले. ३ चं प्लाय फक्त ट्रान्समला, कारण मोटरचा सगळा ताण तिथे येतो. बाजू आणि तळ दीडचे, डेक एक मिलिमीटरचा. आतल्या फ्रेमना गोल भोकं पाडली. तळाला चौरस मीटरला ४९ ग्रॅमवालं पातळ काचकापड, आणि त्यावरचं जास्तीचं इपॉक्सी जुन्या प्लॅस्टिक कार्डानं ओढून, मग टिश्यू पेपर दाबून टिपून घेतलं. हे टिपणं शिकण्यासारखं आहे. हातानं बसवलेल्या कापडाला त्याच्या वजनाएवढं राळ पुरतं. त्याहून जास्त जे काही चकाकतं ते नुसतं ओझं. प्रत्येक टप्प्यानंतर हल काट्यावर ठेवायची सवय लागली. रंगाचा एकच हात दिला, तो ३८ ग्रॅम भरला. शेवटी हल ६५०. सगळं सामान चढवून पाण्यात जायला तयार: २,१४०.

वहीत त्या आकड्याभोवती मी चौकट काढली आहे. फुलंही आहेत दोन.

पहिली सकाळ आरशासारखी होती. पाणी हललंच नाही. थ्रॉटल दाबला आणि बोट दोन लांबीत पाण्यावर आली. जुनी ६२ च्या वर कधी गेली नव्हती, हिनं जीपीएसवर ताशी ७१ किलोमीटर दाखवले. तेवढ्याच फेऱ्यांना ३,३०० मिलिअँपिअर-तास गेले. मोटर कोमट. मी मनातल्या मनात बक्षिसं वाटून टाकली.

पुढच्या आठवड्यात वारा होता. फार नाही, झाडाची पानं सतत हलतील आणि पाण्यावर सुरकुत्या पडतील इतपत, ताशी पंधराएक किलोमीटर. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत वाऱ्याच्या तोंडावरच्या पट्ट्यात बोट पूर्ण वेगात होती. आधी मागचा पांढरा फवारा कमी झाला. मग आवाज बदलला, मोटर एकदम चिरकली, कारण प्रॉपला पाणीच मिळेना. नाक वर आलं, अगदी हळू, जणू कुणी तळहात खाली घालून उचलतंय. डेकचा खालचा, न रंगवलेला लाकडी भाग मला दिसला. तो दिसता कामा नये. पुढच्या क्षणी बोट शेपटावर उभी, मग मागे कोलांटी, मग टोपीवर थाड्! मी थ्रॉटल सोडला तेव्हा ती पालथी तरंगत होती.

याला आमच्यात ब्लोओव्हर म्हणतात. कधीतरी सगळ्यांचाच होतो. माझा त्या दिवशी तीनदा झाला. पहिल्यांदा वाटलं लाट लागली. दुसऱ्यांदा मोटरचा ट्रिम, म्हणजे तिचा कल, खाली केला, म्हणजे प्रॉपचा जोर नाक दाबेल. वेग गेला, पण तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी टोपीला तडा गेला आणि मी खोका बंद केला.

तळ्यावर एक काका येतात. त्यांची बोट नायट्रो इंधनावर चालते, तिच्यावर के अँड बी ३.५ हे साडेतीन सीसीचं जुनं आउटबोर्ड इंजिन आहे. ते काही बोलत नाहीत सहसा, प्रॉपला कानस लावत बसतात. त्या दिवशी उठून आले. बोट दोन बोटांवर तोलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, हलकी केलीस ते दिसतंय. पण कुठून केलीस?"

प्रश्न मला कळलाच नाही. "सगळीकडूनच की," मी म्हटलं.

"मागनं काही काढलंस?"

मागे होतं काय काढण्यासारखं? मोटर, ड्राइव्ह, ट्रान्सम. त्यातलं काहीच नाही. तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला, आणि पोटात खड्डाही.

घरी येऊन दोन काटे मांडले. एक ट्रान्समखाली, दुसरा त्याच्यापुढे बरोबर ६० सेंटिमीटरवर, मधे एकेक पेन्सिल आडवी, म्हणजे टेकू नेमक्या रेषेवर. पुढच्या काट्यावर ६९९, मागच्यावर १,४४१. पुढचं वजन गुणिले ६०, भागिले एकूण: सीजी, म्हणजे बोटीचा गुरुत्वमध्य, ट्रान्समपासून १९.६ सेंटिमीटरवर. लांबीच्या २६ टक्के. मग माळ्यावरची जुनी हल काढली, तेच सामान तिच्यावर चढवलं, तीच परीक्षा. पुढे ९८५, मागे १,६५५. सीजी २२.४ सेंटिमीटरवर, साडेएकोणतीस टक्क्यांना. जड, ढिम्म, पाचवी येणारी बोट तोलाच्या बाबतीत बरोबर होती! कारण मी वजन कमी केलं ते हलमधून, आणि हलचा बराचसा भाग सीजीच्या पुढे. मागची सगळी यंत्रं जिथल्या तिथे. पुढचं खरवडत गेले आणि बुड आपोआप भारी झालं.

(एक गोष्ट तेव्हा खटकली होती. ९८५ आणि १,६५५ म्हणजे २,६४०. पहिल्या दिवशी हीच बोट २,७१२ होती. ७२ ग्रॅम गेले कुठे? काट्याची चूक असेल म्हणून सोडून दिलं. ते पुढे येईलच.)

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. हवेची घनता घनमीटरला सव्वा किलोच्या आसपास. ताशी ७० म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग केलं की चौरस मीटरला सुमारे २३० न्यूटन दाब निघतो. माझ्या बोटीचं वरून दिसणारं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर धरलं तर ४६ न्यूटन. त्यातला तिसरा हिस्सा बोट उचलण्याच्या कामी येतो असं धरू, हा माझा अंदाज. म्हणजे दीड किलोच्या वर वजन हवेनं पेललेलं. बोट २,१४० ग्रॅमची. उरलेलं पाण्यावर. छान.

आता समोरून १५ चा वारा. बोटीला तो वेगात मिळवायचा: ८५. दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून जवळजवळ दीडपट. दीड किलोच्या वर होतं ते आता २.३ किलो. बोट आहे २.१४ ची. कागदावरच बोट उडाली. वर हा उचलणारा जोर सीजीच्या पुढे लागतो, आणि नाक जरा वर आलं की तो आणखी वाढतो. म्हणजे एकदा सुरू झालं की थांबायचं कारणच उरत नाही. सीजी जितका मागे तितकी या जोराची पहार लांब.

गणित फार काटेकोर नव्हे हे मलाही माहीत आहे. काकांना दाखवलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, तिसरा हिस्सा कुठनं आणलास? पण दिशा खरी होती.

याच कागदाच्या मागच्या बाजूला मी मोठ्या बोटीचं गणित केलं, कारण माझ्या डोक्यातलं हलकेपणाचं खूळ तिथूनच आलं होतं. १९८१ मध्ये फॉर्म्युला वन पॉवरबोटींची जागतिक मालिका सुरू झाली आणि पहिला विजेता इटलीचा रेनातो मोलिनारी. त्या बोटी साधारण सहा मीटर लांब, चालकासकट अर्ध्या टनाच्या घरात, वेग २२० च्या वर. आठव्या हिश्शानं लहान केलं तर लांबी ७५ सेंटिमीटर, जवळपास माझीच. वजन मात्र आठाच्या घनानं कमी होतं, म्हणजे ५१२ नं भागायचं: एक किलो! मी वर्षभर त्या एक किलोकडे बघत होते. माझी बोट त्या हिशेबानं दुप्पट जड होती ना.

पण लहान करायचं तर सगळंच करायला हवं. वेग लांबीच्या वर्गमुळानं लहान होतो, ८ चं वर्गमूळ २.८, म्हणजे २२० चे ७८ होतात. तो बसतो. बसत नाही ते तळं. वारा काही माझ्यासाठी आठव्या हिश्शाचा होऊन वाहत नाही. ताशी १५ ची झुळूक मोठ्या बोटीच्या भाषेत ४२ चं वारं आहे. तीन सेंटिमीटरची सुरकुती तिच्या भाषेत २४ सेंटिमीटरची लाट. मोठी बोट रोज अशा हवेत धावत असती तर तिलाही कुणी एवढं हलकं ठेवलं नसतं. त्या रात्री एक किलोचं भूत उतरलं.

मग दुरुस्ती. सगळ्यात स्वस्त उपाय बॅटरी, कारण तिचं वजन फुकट मिळतं. ४९० ग्रॅमची बॅटरी पाच सेंटिमीटर पुढे सरकवली की सीजी १.१ सेंटिमीटर पुढे. त्याच्या पुढे फ्रेम आडवी होती, ती तोडायची हिंमत झाली नाही. सीजी आता २०.७. मला २२ हवा होता.

नाकात शिसं घातलं. ट्रान्समपासून ६८ सेंटिमीटरवर, अगदी टोकाला, ६० ग्रॅम. सीजी बरोब्बर २२, वजन २,२००. कागदावर याहून सुंदर उपाय नाही. थोडक्यात काम, लांब पहार. वाऱ्यात नेली, आणि बोट उडाली नाही. मात्र भलतंच काहीतरी करायला लागली. सुरकुतीवरून नाक उचललं की ते नुसतं खाली येत नव्हतं, आपटत होतं, मग उसळत होतं, मग पुन्हा आपटत होतं. घोड्यावर बसल्यासारखं डुलत डुलत सगळा पट्टा. वळणात घालावी तर नाक आत यायला वेळ लावायचं आणि आलं की थांबायला वेळ लावायचं.

टोकाला बांधलेला दगड हलायला लागला की लवकर थांबत नाही, एवढी साधी गोष्ट. नाकातलं शिसं काढलं आणि बॅटरीच्या पुढच्या फ्रेमला, ४५ सेंटिमीटरवर, चिकटवलं. सीजी तिथेच ठेवायचा तर ६० च्या जागी १२० लागले. बोट २,२६० झाली आणि माझ्या जिवावर आलं. सात आठवडे ग्रॅम ग्रॅम टिपून काढलेले, आणि आता मूठभर शिसं परत! पण हिशेब बघा: सीजीपासूनचं अंतर ४६ चं २३ झालं, आणि डोलण्याला लागणारा जडपणा अंतराच्या वर्गानं जातो. दुप्पट शिसं, तरी त्याचा झोल निम्मा. पाण्यात फरक पहिल्या फेरीतच दिसला. आपटणं गेलं. नाक सुरकुतीवरून जायचं आणि परत जागेवर.

शांत पाण्यात वेग ७१ चा ६९ झाला. बॅटरी ३,३०० ऐवजी ३,४०० खायला लागली. एवढीच किंमत.

काकांना मी विचारलं की तुमचं कसं, तुमची तर टाकी रिकामी होत जाते. त्यांच्या बोटीत २०० मिलिलिटर मिथेनॉल-नायट्रोचं मिश्रण असतं, म्हणजे शर्यत सुरू होताना आणि संपताना बोटीच्या वजनात दीडएकशे ग्रॅमचा फरक पडतो. ते म्हणाले, "मी टाकी कोरडी ठेवूनच तोलतो. उडायची ती शेवटच्या फेरीतच उडते ना." लिपो संपली तरी वजनानं तेवढीच राहते हे सुख मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आडवा तोलही त्याच आठवड्यात बघितला. नाकाच्या मध्यावर आणि ट्रान्समच्या मध्यावर दोरी बांधून बोट टांगली, उजवीकडे कलली. स्पीड कंट्रोलर उजव्या बाजूला होता. मधे घेतला, वायरी आखूड केल्या, संपलं. प्रॉप एका बाजूला फिरतो तशी हलला उलट्या बाजूचा पीळ बसतो, तो वेगळा, त्याचं उत्तर वजनात शोधू नये असं माझं मत झालंय. काहीजण शोधतात.

आता ते ७२ ग्रॅम.

बोट महिनाभर छान चालली. मग एका दिवशी चौथ्यांदा पाण्यात सोडली तेव्हा ती जुन्या बोटीसारखी वागायला लागली. उठेना. उजवीकडे वळताना रुतायची. प्रॉप पाहिला, शाबूत. बॅटरी भरलेली. हलवून पाहिली, आत पाण्याचा आवाज नाही. डब्यात हात घालून पाहिला, कोरडा. सवयीनं काट्यावर ठेवली: २,३९५. आले कुठून १३५ ग्रॅम?

बुडू नये म्हणून स्पॉन्सनच्या आत थर्माकोल भरलेला असतो. मी पांढरा, दाणेदार घातला होता. दाण्यादाण्यांच्या फटीत पाणी झिरपतं आणि तिथेच बसतं, हलवलं तरी आवाज करत नाही. उजव्या स्पॉन्सनला सुईएवढ्या ड्रिलनं मागे भोक पाडलं आणि बोट नाक वर करून बादलीवर उभी केली. थेंब, थेंब, मग बारीक धार. पाणी शिरलं होतं टर्न फिनच्या स्क्रूपाशी. टर्न फिन वळणात सगळा भार घेतं, प्रत्येक वळणाला तो स्क्रू केसभर हलत होता आणि प्रत्येक हलण्याला एक थेंब आत.

तीन दिवस पंख्यासमोर. मग स्पॉन्सनचं वरचं फळकुट कापलं, ओला थर्माकोल चिमट्यानं उपसला, लाकूड वाळवलं, आणि बंद दाण्यांचा, दाबून केलेला घट्ट फोम बसवला. इथे एक सावधगिरी: पॉलिएस्टर राळेनं असला फोम विरघळतो, इपॉक्सीनं नाही. टर्न फिनच्या मागे आतून प्लायचा ठोकळा घातला, स्क्रूच्या भोकात इपॉक्सी ओतून, ते घट्ट झाल्यावर पुन्हा भोक पाडलं, स्क्रू सीलंट लावून बसवला. दुरुस्तीनंतर वजन २,२७१ आलं, म्हणून आतल्या शिशातून ११ ग्रॅम तासले. हो, अकरा. मी तोवर तशी झाले होते.

आणि जुनी बोट? तिची टर्न फिन काढून पाहिली. स्क्रूभोवतीचं लाकूड काळं पडलेलं. ७२ ग्रॅम पाणी माळ्यावर महिनोन् महिने वाळत गेलं होतं. म्हणजे पहिल्या दिवशी ज्या आकड्यावर मी एवढी चिडले, त्यात थोडं तळंही होतं. तेव्हापासून बोट दोनदा काट्यावर जाते, पाण्यात जायच्या आधी आणि आल्यावर. तळ्यावर न्यायला एक छोटा काटा वेगळा ठेवलाय. लोक हसतात. नंतर हळूच आपली बोट घेऊन येतात.

एक प्रयोग राहिला होता. आतापर्यंत मी वजन आणि त्याची जागा दोन्ही एकदम बदलत आले होते. म्हणून शिशाच्या पट्ट्या करून, बरोबर सीजीवर, २२ सेंटिमीटरवर, वेल्क्रोनं बसतील अशी जागा केली. तिथे ठेवलं की तोल जागचा हलत नाही, फक्त बोट जड होते. शांत पाण्यात ५० ग्रॅम घातले तर फरक मला कळलाच नाही, घड्याळालाही नाही. १०० ला वळणातून निघताना जरा दम लागलेला दिसला. २०० ला तर जुन्या बोटीची आठवण यायला लागली, पाण्यावर उठायला उशीर आणि मोटर गरम. वाऱ्यात मात्र १०० ग्रॅम घातल्यावर जिथे मी पट्ट्यात थ्रॉटल कमी करत होते तिथे पूर्ण दाबता यायला लागला. जड बोट जास्त वेगानं गेली, कारण हात मोकळा झाला.

म्हणून आता कुणी किती वजन असावं विचारलं तर मी दोन आकडे सांगते. या हलला, या मोटरीला, शांत पाण्यात २,२६०, वाऱ्यात २,३६०. दोन्ही वेळा सीजी २२ वर. दुसऱ्याच्या बोटीला हे आकडे उपयोगाचे नाहीत. उपयोगाचे दोन काटे आणि दोन पेन्सिली.

परवाच्या शर्यतीला वारा होता. सकाळी पट्ट्या घालून आले होते, पण दुपारच्या फेरीआधी वारा पडला. काका म्हणाले, "काढ त्या." मी जरा घुटमळले. पाण्याकडे बघितलं, पलीकडच्या काठापाशी सुरकुत्या नव्हत्या. काढल्या. सहा फेऱ्यांत बोटीनं एकदाच नाक वर केलं, दुसऱ्या एका बोटीच्या फेसातून जाताना, आणि मी श्वास धरला. खाली आलं. पुढची बोट पाचव्या फेरीत वळणात आडवी झाली, मला जागा मिळाली. दुसरी आले.

खोक्याशी येऊन बोट काट्यावर ठेवली. २,२६६. सहा ग्रॅम जास्त. पोटात धस्स झालं, टर्न फिनचा स्क्रू बोटानं चाचपला, घट्ट होता. मग दिसलं, डेकवर आणि टोपीच्या खाचेत थेंब जमलेत. टॉवेलनं पुसली, पुन्हा ठेवली.

२,२६०.